चार बोटं वर

भाड्याच्या यंत्राच्या फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना होता, 'यंत्र कोण चालवणार', आणि त्यात ताईनं लिहून टाकलं, 'मी स्वतः'. लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. शिवताना कधीकधी असं होतं, पायडलवरचा पाय उचलेपर्यंत सुई खुणेच्या पुढे दोन टाके पळालेली असते, आणि मग उसवायचं की तसंच राहू द्यायचं एवढाच प्रश्न उरतो. भावानं बजावून सांगितलं होतं की फॉर्म नुसता घेऊन ये, भरायचं मी बघतो, ते तांत्रिक शब्द तुला लागायचे नाहीत. पण काउंटरवर पेन दोरीनं बांधलेलं होतं, आणि बांधलेलं पेन हातात आलं की माणूस लिहायलाच लागतो. निदान ताई तरी लागली. पत्ता, तारीख, वाटेची रुंदी, जागा कशी आहे (उतार, सपाट, दलदल; नको ते खोडा). सगळं तिला येत होतं. दलदल तर तिनं अशी ऐटीत खोडली की जणू जन्मभर दलदली खोडत आली होती, आणि त्याच झोकात हात पुढच्या रकान्यावर गेला. काउंटरमागच्या माणसानं कागद स्वतःकडे फिरवून वाचला. चष्मा वर केला, परत वाचला. "मी स्वतः म्हणजे कोण?" "मी स्वतः म्हणजे मी स्वतः," ताई म्हणाली. आवाज तिचाच होता, फक्त शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. तो म्हणाला, बरं, रविवारी आठला आमचा माणूस माती उचलायचा लोडर आणून उतरवेल, दहा मिनिटं शिकवेल आणि संध्याकाळी सहाला येऊन उचलेल. आणि त्यानं शिक्का असा हाणला की दोरीवरचं पेन उडालं.

बाहेर फुटपाथवर येऊन ती जरा उभी राहिली. नेहमी पोटात येणारी भीती आज तळपायांत आली होती, मुंग्यांसारखी, आणि ती भीतीच आहे का याचीही खात्री वाटेना. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत होती. तिच्या पिशवीत एक कागद होता आणि त्या कागदावर तिनं स्वतःविषयी एक गोष्ट शिक्क्यासकट लिहून दिली होती, जी अजून खरी नव्हती. एकोणीस वर्षं ताई शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवत होती. फक्त कॉलर. बाह्या पुढच्या रांगेत, काजं त्याच्या पुढच्या, आणि सबंध शर्ट तिनं बघायचा तो दुकानाच्या काचेत नाहीतर लोकांच्या अंगावर. बसमध्ये पुढे बसलेल्या माणसाच्या मानेकडे पाहून तिला कळे, ही आपली, ही परक्या कारखान्याची, आणि आपली असली की त्या अनोळखी मानेविषयी तिला उगाच माया वाटे. आता कारखाना शहराबाहेर चालला होता. जायला दोन तास, यायला दोन तास. येणार की नाही ते मंगळवारी सांगायचं होतं. जुनी यंत्रं काढून टाकणार होते, त्यातली दोन ताईनं मागून घेतली होती. सबंध शर्ट शिवायचा, कॉलरपासून शेवटच्या बटणापर्यंत, आणि तो घालणाऱ्याला समोर उभं करून. एवढंच तिच्या मनात होतं, आणि एवढ्यालाही चार भिंती लागतात. घरात जागा नव्हती. घरामागे होती, पण तिच्यावर डोंगर बसला होता.

डोंगर म्हणजे ढिगारा. घर बांधताना पाया खणला, माती मागे टाकली, बांधणारा म्हणाला पुढच्या आठवड्यात उचलतो, आणि तो पुढचा आठवडा सुरू होऊन आता बावीस वर्षं झाली होती. त्यावर गवत आलं, एक तिरकं झुडूप आलं, कोणीतरी मस्करीत डोंगर म्हटलं, आणि एकदा नाव पडलं की वस्तू कायमची होते. तयार खोली आणून उभी करणारी माणसं सोमवारी सकाळी नऊला येणार होती. जमीन सपाट असेल तर. नसेल तर गाडी तशीच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळणार आणि परत नंबर लागणार चार महिन्यांनी. त्या चार महिन्यांत ताई काय करेल हे ताईला चांगलं माहीत होतं. मंगळवारी ती 'येते' म्हणेल, यंत्रं नको म्हणून कळवेल, आणि कोणाकडे बोट दाखवता येणार नाही इतक्या अलगद सगळं पूर्वीसारखं होईल: पॅसेजमधली घडीची खाट, उशाशी गुरगुरणारा फ्रिज, पाणी प्यायला येणाऱ्याला वाट द्यायची म्हणून पाय आखडून झोपायची सवय. पूर्वीसारखं होण्यात ताई तरबेज होती. तिचं लग्नसुद्धा ठरलं होतं आणि मोडलं नव्हतं. पुढे ढकलत ढकलत, धुऊन धुऊन विरलेल्या कापडासारखं, एक दिवस हाताला लागेनासं झालं होतं.

शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. गुरुवारी फॉर्म तिथेच भरून दिला, रविवारी आठला यंत्र येतंय, एवढं तिनं सांगितलं; त्या रकान्यात काय लिहिलंय ते मात्र घरात सांगितलंच नाही. सांगायला तोंड उघडायची आणि भाऊ नकाशा घेऊन यायचा. भाऊ तिच्याहून सात वर्षांनी लहान, शाळेत भूगोल शिकवायचा, आणि आठ दिवस तो डोंगराभोवती असा फिरत होता की शेजाऱ्यांना वाटावं याचं काहीतरी पुरलेलं आहे. त्यानं डोंगराचा रंगीत नकाशा काढला होता, शिखर तपकिरी, पायथा हिरवा. शिखराची उंची, चार फूट दोन इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून, एक टोक भावजयीच्या हातात देऊन, त्यानं मागच्या भिंतीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी टपोरं शून्य काढलं. ही आपली समुद्रसपाटी, म्हणाला. रस्त्यावरून घराच्या कडेनं जी वाट येते, ती मागे शिरते तिथे डाव्या हाताला जमीन बशीसारखी खोल होती. डोंगर किती घनफूट, बशी किती घनफूट, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तेव्हा तो पोरासारखा खूश झाला. डोंगर उचलायचा, बशीत ओतायचा, की झालं. आपण दुपारी जेवायला मोकळे. भावजय औषधांच्या दुकानात काम करायची. डॉक्टरांचं अक्षर लावून लावून तिला कुठलाही चेहरा लागायचा. तिनं ताईकडे पाहिलं आणि विचारलं, ताई, तुम्हाला काही म्हणायचंय का. ताई म्हणाली, छे.

पण म्हणायचं होतं. फॉर्मबद्दल तर होतंच, शिवाय आणखी एक. नकाशाकडे बघताना तिला आई आठवली होती, जुनी उशी उसवून कापूस बाहेर काढून पिंजणारी, आणि तोच कापूस त्याच खोळीत परत काही केल्या मावत नाही म्हणून हसणारी आई. बावीस वर्षं दाबून बसलेली माती सुटी केली तर तेवढीच राहील का? हा प्रश्न तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आला आणि घनफूट हा शब्द बघून मागे फिरला. ताई दहावीनंतर थांबली होती आणि भाऊ थांबला नव्हता, ते कसं झालं ते दोघांनाही माहीत होतं आणि त्यावर ते कधी बोलले नव्हते. त्याच्याबद्दल तिला अभिमान होता, अगदी आतून, पण त्या अभिमानाची एक खोड होती: तो असला की तिचं तोंड बंद राही.

रविवारी आठला लोडर आला. गाडीवरून उतरताना त्यानं जो हादरा दिला त्यानं स्वयंपाकघरातले पेले एकमेकांना लागून किणकिणले. भाऊ टोपी घालून, हातमोजे घालून, पँट मोज्यांत खोचून तयार होता. लोडर म्हणजे पुढे बकेट लावलेला लोखंडी पिंजरा, चार जाड चाकं, उंचीला दारातून आत येईल एवढा. भावजयीनं त्याला बघताक्षणी बुटक्या म्हटलं. यंत्रवाल्यानं कागद काढून वाचला, चालवणार कोण, इथे लिहिलंय मी स्वतः. भाऊ पुढे झाला, म्हणाला मीच. यंत्रवाल्यानं सही पाहिली, भावाकडे पाहिलं, मग बाजूला भावाचीच जुनी पँट घालून उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं, आणि सगळ्यांना सगळं कळलं. भावजय चहाच्या कपात तोंड घालून खोकली. भाऊ रागावला नाही, त्याचं नुसतं तोंड एवढंसं झालं. वर्गात आपण हात वर केलेला असताना शेजारच्याला विचारावं तसं. "ताई, अगं, तुला सायकल येत नाही," तो म्हणाला. यंत्रवाल्यानं निर्विकारपणे सांगितलं की सायकलचा काय संबंध, ही पडत नाही. आणि विमा कागदावरच्या माणसाचा आहे, दुसऱ्यानं हात लावला तर मी आत्ता परत घेऊन जातो. मग ताईला म्हणाला, बसा मावशी. घाबरायचं नाही आणि शहाणपणाही करायचा नाही.

आत बसल्यावर पुढचा लोखंडी दांडा मांडीवर ओढून घ्यायचा, मगच यंत्र जागं होतं. दोन हातांत दोन दांडे. दोन्ही पुढे लोटले की पुढे, मागे ओढले की मागे, एक पुढे एक मागे केला की जागच्या जागी गिरकी. दोन पायांखाली दोन पायडल: डावं बकेट उचलणारे हात वर-खाली करायला, उजवं बकेटचं तोंड वळवायला, टाच दाबली की एक आणि चवडा दाबला की दुसरं. बकेट जमिनीलगत ठेवून चालायचं, वर करून वळायचं नाही. भाऊ पिंजऱ्याबाहेर उभा राहून हे सगळं वहीत उतरवत होता. ताईनं काही उतरवलं नाही. तिनं पायांत काय आहे ते पाहिलं आणि तिच्या पोटऱ्यांतून काहीतरी हसल्यासारखं वर गेलं. टाच आणि चवडा! एकोणीस वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? चवड्यानं शिवायचं, टाचेनं दोरा कापायचा, चवडा, टाच, दिवसाला हजार वेळा. कारखान्यातल्या मुली म्हणायच्या, ताई झोपेतसुद्धा पाय हलवते. तरी पहिल्या खेपेला तिनं दांडे असे ढकलले की बुटक्यानं गपकन उडी मारली, तिचं डोकं मागच्या जाळीला लागलं, आणि भाऊ वहीसकट दोन पावलं मागे गेला. जीव उडाला. दात एकमेकांवर आपटले, तोंडात लोखंडाची चव आली. मग तिनं श्वास सोडला, आणि कॉलरच्या टोकाशी सुई नेताना जसं हळू यायचं, अर्धा टाका, पाव टाका, तसे दांडे नुसते मनातल्या मनात पुढे नेले. बुटक्या चालायला लागला.

अकरापर्यंत तिला घाम, आवाज, ऊन, कशाचंच भान नव्हतं, आणि तरी इतकं भान तिला कधीच नव्हतं. पुढे जायचं, बकेटचं तोंड डोंगराच्या पायथ्याशी टेकवायचं, चवडा, मातीत शिरताना यंत्राचा घसा बसल्यासारखा आवाज, टाच, भरलेलं बकेट छातीशी धरल्यासारखं मागे वळवायचं, मागे, गिरकी, बशीकडे, ओत. पुन्हा. पंचविसाव्या खेपेनंतर तिनं मोजणं सोडलं. डोंगराच्या पोटातून वास येत होता, बंद कपाट उघडल्यावर येतो तसा, थंड. एक फुटका कप निघाला, एक जोडा निघाला, एकच, बांधकामावरच्या कोणाचा तरी. बावीस वर्षं तो माणूस कुठेतरी दुसरा जोडा सांभाळत असेल का असं तिच्या मनात आलं आणि ती पिंजऱ्यात एकटीच हसली. पिंजऱ्यात बसून जग वेगळं दिसत होतं. म्हणजे जाळीतून बघितल्यावर सगळ्याचे छोटे छोटे चौकोन होत होते, आणि प्रत्येक चौकोनात जेवढं मावेल तेवढंच करायचं, बाकीचं पुढच्या चौकोनात. तिला वाटलं, आपण उगाच सबंध आयुष्याकडे एकदम बघत होतो. कारखान्यात चाळीस यंत्रांच्या रांगेत बसल्यावर समोर फक्त पुढच्या बाईची पाठ दिसायची. आज समोर कोणाची पाठ नव्हती. ही गोष्ट इतकी साधी होती की ती कोणाला सांगता येण्यासारखी नव्हती, पण दर गिरकीला ती तिला नव्यानं लागत होती, थंड पाण्यासारखी. भावजय वाटेच्या तोंडाशी उभी राहून हातवारे करत होती, अजून ये, थांब, डावीकडे. आपलं हसू लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. एकदा चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, ताई, तुम्हाला दोन दिवसांपासून हेच सांगायचं होतं ना, चेहऱ्यावर लिहिलं होतं, पण अक्षर फार बारीक होतं.

बारानंतर कधीतरी ताईला दिसायला लागलं, आणि दिसूनही ती बोलली नाही. डोंगर अर्धाच उतरला होता आणि बशी भरत आली होती. ती ओतत राहिली. दीडला बशी शिगोशीग झाली आणि अजून पाव डोंगर शिल्लक. भाऊ नळी घेऊन आला, मोजलं, वहीत पाहिलं, परत मोजलं. म्हणाला, चिकटून बसलेली नाहीये ना, जरा सैल आहे, बसेल खाली, टाक. ताईनं टाकली. माती बशीच्या काठावरून सांडली, वाटेच्या तोंडाकडे पसरली, मग चढली. तिचा पाय टाच, चवडा करत होता आणि मन खोळीत न मावणाऱ्या कापसाकडे बघत होतं. साडेतीनला डोंगराची जागा मोकळी झाली. खरोखर मोकळी, खालची जुनी जमीन बावीस वर्षांनी उन्हाला लागली, काळसर, ओली, चापून बसलेली. आणि त्याच क्षणी भावजय हात वर करून ओरडली नाही, नुसती म्हणाली, "पण आता हा बाहेर कसा जाणार?"

तिघांनी वाटेकडे पाहिलं. वाट नव्हती. वाटेच्या तोंडावर नवा डोंगर होता, कंबरेच्या वर, भुसभुशीत, आणि बुटक्या त्याच्या अलीकडे उभा होता. सहाला यंत्रवाला येणार. भाऊ वही उघडून जमिनीवर उकिडवा बसला. आकडे बरोबर होते, हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आकडे बरोबर होते. ताई यंत्र बंद करून आतच बसून राहिली. आवाज थांबल्यावर कान वाजत होते. भावाचं वाकलेलं डोकं, टोपीखाली मानेवर लाल झालेली कातडी आणि शर्टाची कॉलर, कारखान्याच्या शर्टाची, तिनेच शिवलेली, तिला जाळीच्या एका चौकोनात दिसत होती. त्याला हसावं असं तिला वाटलं नाही. मला माहीत होतं, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात जरासाही आनंद नव्हता. भाऊ उठला. त्याचा आवाज समजुतीचा झाला होता, आणि तो आवाज ती ओळखत होती. तो म्हणाला, आता एकच उपाय आहे ताई, वाट मोकळी करायची म्हणजे ही वरची माती उचलून परत मागे टाकायची. सगळी नाही, निम्मीशीच. निदान यंत्र तरी जाईल. खोलीचं आपण बघू नंतर. आपण चार महिन्यांनी सावकाश करू, नीट हिशेब करून.

निम्मीशीच. ताईनं मोकळ्या जागेकडे पाहिलं. अजून तिथे चाकांच्या खुणा ओल्या होत्या. तिला आपल्या पायांत त्याच मुंग्या जाणवल्या, आणि बरोबर एक ओळखीचा, जवळजवळ गोड थकवा, की ठीक आहे, टाकू परत, कोणाचं काही अडत नाही. दांडे ओढायचे, गिरकी, टाच, चवडा. चाळीस खेपांत पूर्वीसारखं. तो थकवा तिला इतका जवळचा होता की क्षणभर तिला वाटलं हाच आपला खरा स्वभाव, बाकी सकाळपासूनचं ते नुसतं यंत्राचं हादरणं. दहावीनंतर तिनं पुस्तकं अशीच बांधून माळ्यावर ठेवली होती, कोणी सांगितलं नव्हतं. लग्नाचे दोन ब्लाऊज असेच उसवून दुसरं काहीतरी केलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं. दर वेळी जागा मोकळी व्हायची, आणि दर वेळी ताईच उठून त्या जागेवर माती टाकायची, मऊ हातानं, कोणाला आवाजही न होऊ देता. दुसऱ्या कोणी टाकली असती तर भांडता तरी आलं असतं. हे कळलं तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं होतं. पण आलं ते भलतंच, लहानपणी झोका सगळ्यात वर गेल्यावर पोटात यायचं ते. म्हणजे आता ही माती माझ्या जागेवर पडायची असेल तर ती माझ्याच पायानं पडणार. आणि विमा, तिला आठवलं, फक्त माझा आहे.

ती दांडा वर करून पिंजऱ्यातून उतरली. आठ तासांचा हादरा अजून पायांत होता, जमीन पातळ लागत होती. खिशातून तिनं खुणा करायचा चपटा खडू काढला आणि ती मागच्या भिंतीशी गेली, जिथे भावाची समुद्रसपाटी होती. शून्यावर तिनं आपला हात आडवा ठेवला, बोटं जुळवून. एक, दोन, तीन, चार. चौथ्या बोटाच्या वर तिनं रेघ मारली. "माती परत नाही टाकायची," ती म्हणाली. "सगळीकडे चार बोटं वर घ्यायचं. खोलीखालीसुद्धा. कापड जास्त झालं की मी एका जागी गोळा करत नाही, सगळ्या घेरात वाटून देते." भाऊ म्हणाला, पण शून्य इथे आहे. ताई म्हणाली, "शून्य तू काढलंयस ना? मग वर काढ." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, माती फुगणार हे मला गुरुवारपासून वाटत होतं, आईची उशी आठवत होती. भावानं मान वर केली. "मग बोलली का नाहीस?" यावर ताईला उत्तर होतं, फार मोठं, दहावीपासून सुरू होणारं, आणि घड्याळात चार वाजत होते. ती म्हणाली, "आता बोलले." भाऊ तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी मोकळं झालं, आपलं चुकलेलं गणित दुसऱ्या कोणीतरी सोडवलं यानं खट्टू व्हायचं की सुटलो म्हणायचं हे ठरत नसल्यासारखं, आणि मग ठरल्यासारखं. त्यानं शून्य तळहातानं पुसलं. नळीचं एक टोक भावजयीकडे दिलं आणि नव्या रेघेवरून पाणी धरलं. म्हणाला, घराच्या पायाशी मात्र वर घ्यायचं नाही हं, तिथून वाटेकडे उतार ठेवायचा, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीत मुरेल; आणि जाड थर एकदम नाही, पातळ पातळ टाकून दर थरावरून चाकं फिरवायची, म्हणजे दाबून बसेल. हे ताईला सुचलं नसतं. तिनं तसं सांगितलं, तेव्हा त्यानं टोपी सरळ केली.

पुढचे दोन तास नंतर तिला नीट आठवले नाहीत, म्हणजे क्रमानं आठवले नाहीत. वाटेच्या तोंडावरून बकेट भरायचं, मागे यायचं, चवडा अगदी हळू, आणि माती ओतायची नाही, सोडायची, मागे सरकता सरकता, पीठ चाळतात तशी. मग बकेटची धार उलटी टेकवून मागे ओढायची. मग चाकं, आडवी, उभी, परत आडवी. भाऊ नळी घेऊन पुढे पळत होता, इथे दोन बोटं कमी, इथे जास्त. घनफूट तो विसरला होता, बोटांत बोलत होता. भावजय नळीचं दुसरं टोक धरून म्हणाली की इतक्या वर्षांत या घरात तिघांनी मिळून केलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही चुकून. एकदा बुटक्याचं मागचं चाक भुसभुशीत मातीत रुतलं आणि तो तिरका झाला, बकेट वर होतं. तिनं टाच नव्हे चवडा दाबला, बकेट खाली आलं, चाकांनी जमीन पकडली, आणि कोणाला काही कळायच्या आत ते संपलंसुद्धा. तिला मात्र आपलं हृदय कानाशी ऐकू येत राहिलं, ठक ठक, आणि तिला वाटलं, किती दिवसांनी. ढिगारा गुडघ्यापर्यंत उतरला, मग घोट्यापर्यंत, आणि त्यापलीकडे रस्ता दिसायला लागला, रस्त्यावरचा दिव्याचा खांब, जाणारी माणसं, थांबून बघणारी एक बाई.

सहाला पाच कमी असताना ती बुटक्याला वाटेतून बाहेर घेऊन गेली. दोन्ही बाजूंना वीत वीत जागा होती. भावजय पुढे उलटी चालत हात दाखवत होती, पण ताईला हात दिसत नव्हते, तिला दोन्हीकडच्या भिंती कातडीवर जाणवत होत्या, जशी कॉलरच्या आतली शिवण न बघता जाणवते. यंत्रवाला गाडीला टेकून उभा होता. त्यानं बुटक्याभोवती चक्कर मारली, चाकं पाहिली, मग वाटेनं मागे जाऊन जमीन पाहिली आणि बुटाच्या टाचेनं दोन ठिकाणी दाबून पाहिली. म्हणाला, पुढच्या रविवारी मोकळ्या असाल तर सांगा, तीन ठिकाणी चालवणारा हवाय. तो चेष्टा करत होता की खरं बोलत होता ते त्याच्या तोंडावरून कळण्यासारखं नव्हतं, आणि ताईनं कळून घेतलंही नाही. ती म्हणाली, नाही, मला काम आहे.

गाडी गेली. तिघं मागे आले. उरलेल्या उजेडात ती जागा मोठी दिसत होती, आणि रिकामी, आणि तांबूस, नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखी, पाऊल टाकायचं धाडस होऊ नये अशी. भावाचा फोन वाजला. खोलीवाला होता. भाऊ म्हणाला, हो, सपाट आहे, अगदी, या नऊला, आणि त्याच्या आवाजात ती सपाटी त्यानेच पैदा केल्यासारखा अभिमान होता, आणि तेही खोटं नव्हतं. मग तो थांबला, ऐकलं, म्हणाला दार का, दार स्वयंपाकघराकडे, म्हणजे आपल्याला ये-जा. आणि बोलता बोलता त्याची जीभ अडखळली. त्यानं ताईकडे पाहिलं. फोन कानावरून काढला आणि तिच्यापुढे धरला.

ताईनं जागेवर पाऊल टाकलं. माती दबली, पण थोडीच. ती मधोमध जाऊन उभी राहिली, घराकडे तोंड करून, मग पाठ करून. वाटेच्या टोकाला रस्त्यावरचा दिवा नुकताच लागला होता. तिकडून माणसं येतील. कोणाच्या स्वयंपाकघरातून न येता, कोणाला वाट न मागता येतील, आणि तिच्यासमोर हात पसरून उभी राहतील, मापाला.

"दार वाटेकडे," ती फोनमध्ये म्हणाली. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "घराकडे? घराकडे खिडकी. मोठी काढा."

भावजय ते ऐकून हसायला लागली. म्हणाली, म्हणजे उद्यापासून चहा खिडकीतून द्यायचा की काय ताई तुम्हाला, लांबून फिरून यायला मला काही जमणार नाही.

"खिडकीतूनच दे," ताई म्हणाली. "पण आधी हाक मार. मी कामात असेन."